भावंडांची कादंबरी: गुपित फुटल्यानंतर पुढे काय लिहायचं?

निळीशाई

नमस्कार मंडळी. एक कादंबरी लिहितेय आणि ती मध्यावर येऊन अडली आहे. लिहिणाऱ्यांची हवीतच, पण नुसत्या वाचणाऱ्यांचीही मतं हवी आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तीन भावंडं. थोरली ५२ वर्षांची, मधला ४८, धाकटा ४१. वडील बऱ्याच वर्षांपूर्वी गेले, आई नुकतीच गेली. तिघं घर रिकामं करायला जमतात. कपाटातल्या एका फायलीत वडिलांच्या ऑपरेशनचे कागद निघतात. रक्तगट ओ, दोन पिशव्या रक्त चढवलं, सही, शिक्का. त्याच फायलीत आईचं धाकट्याच्या बाळंतपणाच्या वेळचं कार्ड आहे, त्यावरही ओ. धाकट्याचा गट बी. तो नेमानं रक्तदान करणारा माणूस आहे. दोन्हीकडे ओ असेल तर मूल बी होत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तो दोन्ही कागद घडी घालून खिशात ठेवतो आणि परत येऊन पुस्तकांच्या खोक्याला दोरी बांधायला लागतो. मधला विचारतो, "काय होतं फायलीत?" तो म्हणतो, "जुनी बिलं."

इथून पुढची शंभरेक पानं मला मनापासून आवडतात. धाकटा बोलत नाही, पण घरातली एकेक वस्तू त्याच्या हातात वेगळी व्हायला लागते. मधला त्याला वडिलांचं घड्याळ देऊ करतो, तो नको म्हणतो. मधल्याला वाटतं, याला घड्याळ नको, पैसे हवेत. असं साचत साचत एका रात्री घराच्या वाटणीवरून जुंपते. मधला म्हणतो, "सरळ तीन भाग करू." धाकटा खिशातले कागद टेबलावर टाकतो. "दोनच कर."

आणि इथे कादंबरी बसते. पुढे जवळजवळ तेवढीच पानं शिल्लक आहेत. धाकट्याचं लग्न मोडलेलं आहे, नोकरीत मन नाही, त्याला सगळं नव्यानं उभं करायचं आहे, बाकी दोघांना त्याला धरून ठेवायचं आहे. पण सगळे एकदम समजूतदार होतात. रडतात, बोलतात, एकमेकांना समजून घेतात. वाचून दाखवलं त्या मैत्रिणीनं सांगितलं की दुसऱ्या अर्ध्या भागात तिला कुणाची काळजीच वाटली नाही.

गुपित शेवटाला न्यावं असा सल्ला मिळाला आहे. मला ते करायचं नाही. शेवटच्या पानावर धक्का देऊन मोकळं व्हायचं असतं तर मी या विषयाच्या वाटेला गेले नसते. मला नंतरचंच लिहायचं आहे. भावंडं आपण निवडत नाही, ती असतातच. पण ४१ व्या वर्षी एखाद्याला अचानक कळलं की आता निवडायला वाव आहे, तर तो काय करेल? आणि उरलेली दोघं? हा प्रश्न मला सोडत नाही. फक्त त्याला पानं कशी द्यायची ते सापडत नाहीये.

---

कोरापान

धागा आवडला. हस्तलिखितं वाचण्याचं आणि संपादनाचं काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे थेट बोलतो.

गुपित मध्यावरच ठेवा, ते बरोबर आहे. पण ती शंभर पानं का जिवंत आहेत ते बघा. वाचकाला ठाऊक आहे, धाकट्याला ठाऊक आहे, दोघांना नाही. घड्याळाच्या प्रसंगात मधला चुकीचा अर्थ काढतो आणि वाचक तळमळतो, कारण त्याला खरं कारण माहीत असतं. "दोनच कर" म्हटल्यावर सगळ्यांना सगळं कळलं आणि तळमळ संपली. पुढच्या अर्ध्या भागासाठी कुणालातरी काहीतरी माहीत नसलं पाहिजे.

ते तुमच्याकडे आधीच आहे. धाकटा जन्मला तेव्हा थोरली ११ वर्षांची होती. अकरा वर्षांच्या मुलीला घरातलं सगळं दिसतं. कोण कुणाशी बोलत नाही, कुठला पाहुणा यायचा बंद झाला, आई कुठल्या दिवशी दार लावून बसली, सगळं. तिला कारण सांगता येणार नाही, पण ती विसरणार नाही. तुमच्या एवढ्या लांब गोषवाऱ्यात टेबलावरच्या त्या प्रसंगात थोरलीचं एकही वाक्य नाही. ती काय म्हणाली?

माझा अंदाज, तिला ठाऊक होतं. आणि गुपित एकदा ठेवून भागत नाही, ते रोज ठेवावं लागतं. घरी आलेला कुणीतरी सहज विचारतो, "हा धाकटा कुणावर गेलाय हो?" त्या क्षणी कुणीतरी विषय बदलतं. जुना अल्बम काढला की एक पान पटकन उलटतं. शाळेच्या फॉर्मवर सही कोण करतं, धाकट्याच्या वाढदिवसाला वडील कामानिमित्त बाहेरगावी का असतात, याची उत्तरं कुणीतरी तयार ठेवतं. आई होती तोवर ते काम आईनं केलं असेल. ती थकल्यावर कुणी केलं? ते काम वाटून दाखवलंत तर दुसरा भाग आपोआप उभा राहील, कारण कागद टेबलावर पडल्यावर त्या कामाची गरज संपते आणि ते करणाऱ्या माणसाला आता आपण काय करायचं तेच कळत नाही.

माझ्या मते ही कादंबरी थोरलीची आहे. निवेदन तिच्याकडे द्यायचा विचार करा.

---

रात्रपाळी

वाचनमात्र असते, पण रक्तगटाचं निघालं म्हणून लिहिते. रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे.

दोन ओ मिळून बी होत नाही, हे ९९ टक्के कथांना पुरतं. ओ म्हणजे ए आणि बी दोन्हींचं जनुक नाही, मग मुलाला बी देणार कोण? पण एक अपवाद आहे आणि तो नेमका तुमच्या कथानकाच्या कामाचा आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत तो पहिल्यांदा नोंदवला, म्हणून त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. ए किंवा बी हे प्रतिजन, म्हणजे लाल पेशींवरच्या गट ठरवणाऱ्या खुणा, ज्या पायावर तयार होतात तो एच नावाचा पायाच या माणसांत नसतो. त्यामुळे जनुक बीचं असलं तरी पेशीवर बी दिसत नाही आणि साध्या तपासणीत गट ओ येतो. अशा बाईला मूल झालं, मुलाला तिच्याकडून बीचं जनुक मिळालं आणि बापाकडून एच, तर मूल चक्क बी. बापाबद्दल कसलाही संशय न येता.

आता तुमच्या फायलीकडे बघू. वडिलांना दोन पिशव्या ओ रक्त चढलं आणि ते सुखरूप घरी आले. म्हणजे ते बॉम्बे नव्हते. बॉम्बे गटाच्या माणसाला ओ रक्तही चालत नाही, त्याच्या शरीरात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात आणि प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. पण आई? तिचा गट फक्त बाळंतपणाच्या कार्डावर आहे. तसा गट पूर्वी बऱ्याचदा काचेवर थेंब टाकून, फक्त पेशी बघून लिहिलेला असायचा. रक्तपेढीत आम्ही पेशी आणि रक्तद्रव दोन्ही तपासतो. द्रव ओच्या पेशींवर टाकला की बॉम्बे उघडा पडतो. आईला आयुष्यात कधी रक्त चढवलं नसेल, तिनं कधी दिलंही नसेल, तर ती बॉम्बे नव्हती असं त्या कार्डावरून कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. शक्यता फार कमी, पण शून्य नाही.

तुमच्या तिघांपैकी ज्याला आईवर विश्वास ठेवायचाच आहे, त्याला धरायला ही एवढीशी जागा आहे.

अवांतर: तुम्ही डीएनएकडे वळणार असाल तर एक खबरदारी. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो, तो तिघांचा सारखाच असणार, त्यानं काही सिद्ध होत नाही. मधला आणि धाकटा दोघं पुरुष आहेत, त्यामुळे वाय गुणसूत्र जुळतं का ते बघता येतं. वाय बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. जुळलं नाही तर बाप वेगळे. जुळलं तर मात्र "बाप एकच" असं लगेच म्हणता येत नाही, कारण वडिलांच्या सख्ख्या भावाचंही वाय तेच असतं.

---

उंबरठा

कोरापान यांच्या "थोरलीची कादंबरी" या मताशी असहमत. आमच्या घरात असंच घडलेलं आहे. ओळख पटू नये एवढं बदलून सांगते.

माझ्या भावाला चाळिशीच्या आसपास कळलं. पहिले काही दिवस खूप बोलणं झालं, अगदी तुम्ही लिहिलंय तसं, रडणं, समजून घेणं. ते सगळं खरं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. मग बोलणं संपलं आणि सभ्यपणा सुरू झाला. हा मुलगा लहानपणापासून माझ्या खोलीतून छत्री, वह्या, चार्जर, काहीही न विचारता उचलून न्यायचा. तो "घेऊ का?" विचारायला लागला. निघताना "येतो" म्हणून सरळ बाहेर पडणारा माणूस, तो दारात थांबून आभार मानायला लागला. एवढं परकं मला कधीच वाटलं नव्हतं. मी म्हणायचे, अरे घे ना. तो घ्यायचा, पण पुढच्या वेळी पुन्हा विचारायचा.

दुसरी गोष्ट कुणी कादंबरीत लिहिलेली मी वाचली नाही. आमच्या वडिलांना हृदयविकार होता, त्यातच ते गेले. भाऊ त्या वयाच्या जवळ यायला लागला तसा फार जपायचा. चालणं, तपासण्या, सगळं वेळच्या वेळी. डॉक्टरांच्या फॉर्मवर "कुटुंबात कुणाला हा आजार आहे का" या रकान्यात तो वर्षानुवर्षं "वडील" असं लिहीत आला होता. कळल्यानंतरच्या पहिल्या तपासणीला मी सोबत होते. त्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. काय लिहायचं? माहीत नाही. त्यानं ते कोरं सोडलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "मला सुटल्यासारखं वाटायला हवं ना?" त्याला ते वाटत नव्हतं. ती भीती त्याला वडिलांकडून मिळाली होती आणि तीही हातातून गेली होती.

आता मधल्याबद्दल. धाकट्याला निदान दुःख करायचा हक्क आहे. थोरली समजा आधीपासून जाणत असेल तर तिचं ओझं तरी उतरलं. मधल्याचे आईवडील एका रात्रीत बदलले आणि त्याला बोलायची सोय नाही, कारण जखम धाकट्याची. आमच्याकडे मी मधली होते. कुणी मला विचारलं नाही, आणि विचारावं असं मी म्हणूही शकत नव्हते. तुमचा मधला मला पैशाचा लोभी वाटत नाही. तो "तीन भाग" म्हणाला होता. आधी तो म्हणाला होता, कुणी मागायच्या आत. ते त्याचं वाक्य पुढे कुणालातरी आठवू द्या.

आणि नव्यानं सुरुवात म्हणाल तर आमच्याकडे ती एका मूर्ख भांडणानं झाली. घराची जादा किल्ली कुणी हरवली यावरून भाऊ माझ्यावर इतक्या जोरानं ओरडला की शेजारचे बाहेर आले. सभ्यपणा एका मिनिटात गेला. नंतर तो माझी छत्री न विचारता घेऊन गेला. म्हणून म्हणते, तिघांना पुन्हा भांडू द्या. वाटणीवरून नको, अगदी क्षुल्लक गोष्टीवरून.

---

पानगळ

उंबरठा, प्रतिसाद फार भिडला.

मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे दोनच गोष्टींची भर घालतो. एक, थोरली जबाबदार, मधला दुर्लक्षित, धाकटा लाडावलेला या साच्यात अडकू नका. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अॅडलरपासून हे सांगितलं जातं, पण २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून जास्त लोकांच्या माहितीवरून एक मोठा अभ्यास झाला आणि त्यात जन्मक्रमाचा स्वभावावर टिकाऊ परिणाम दिसला नाही. तुमची थोरली चिडखोर आणि विसराळू असली तरी चालेल. उलट अशी थोरली गुपित सांभाळते तेव्हा ते जास्त कष्टाचं होतं.

दोन, आठवणी. जुळ्या भावंडांवरचा २००१ चा एक अभ्यास आहे. लहानपणचा एखादा प्रसंग आपल्याच बाबतीत घडला असं दोघंही प्रामाणिकपणे सांगतात. शर्यतीत पडले कोण, हरवले कोण, दोघांनाही खात्री असते की ते आपणच. एकदा कळल्यावर तुमची तिघं जुन्या आठवणी तपासायला लागतील, तेव्हा एका आठवणीवर दोघांचा दावा दाखवता येईल. वडिलांच्या खांद्यावर बसून फिरलेला कोण? मधला म्हणतो मी, धाकटा म्हणतो मी. आधी त्यावर हसले असते. आता त्या खांद्याचं मोल वेगळं आहे आणि मधल्याला ठरवावं लागेल की आठवण सोडून द्यायची का.

---

निळीशाई

कालपासून हे सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचतेय. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

कोरापान, टेबलावरच्या प्रसंगात थोरली खरोखर काही बोलत नाही. ती उठून खिडकी लावते. मसुद्यात वारा सुटल्याचा एक शब्दही नाही. तिला ठाऊक होतं हे मला पटलं. शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती आयुष्यभर खिडक्या लावत आली असणार. पण निवेदन तिच्याकडे देणार नाही. तिच्या मनात शिरलं की तिच्या बाजूचं सगळं कळणार, आणि मग वाचक तिला फार लवकर माफ करेल. धाकट्याला ती बाहेरूनच दिसते, वाचकालाही तशीच दिसू दे. तिला ठाऊक होतं हे वाचकाला खिडकीवरून कळेल, धाकट्याला बऱ्याच उशिरा. तुम्ही म्हणालात ती तळमळ तिथे परत येईल असं वाटतंय.

उंबरठा, तुमच्या फॉर्मच्या रकान्याबद्दल काय लिहू? तो प्रसंग तुमचा आहे, तो मी घेणार नाही. पण "घेऊ का?" या जातीचं काहीतरी माझ्या धाकट्याच्या वागण्यात मला शोधावं लागेल, आणि "तीन भाग" हे वाक्य मी त्या नजरेनं पाहिलंच नव्हतं. ते थोरलीला आठवेल, शेवटाकडे, आणि ती ते धाकट्याला जसंच्या तसं ऐकवेल. मधला त्या वेळी खोलीत नसेल.

पानगळ, थोरलीला विसराळू करतेय. फक्त याच एका बाबतीत ती कधी विसरली नाही.

रात्रपाळी, तुमच्या प्रतिसादानं तर कथानकच हललं. बॉम्बे गटाची शक्यता मधला शोधून काढेल, रात्र रात्र वाचत बसून. आईसाठी. धाकट्याला वाटेल की हा आपल्याला खोटी आशा दाखवतोय, आणि तिथे दोघांचं खरं वाजेल. अजून एक. वडिलांना एक धाकटा भाऊ आहे. दुसऱ्या प्रकरणात तो येतो, पोरांना सायकल शिकवतो आणि नंतर कादंबरीत कुठेच नाही. तुम्ही वाय गुणसूत्राचं लिहिलंत आणि मी तो परिच्छेद काढून वाचला.

म्हणून शंका अशी. मधला चाचणीला तयारच होत नाही. थोरली तयार होते. बहीण आणि भाऊ एवढ्या दोघांवरून उत्तर मिळेल का? आणि समजा तो काका असेल, तर?

---

रात्रपाळी

मिळेल, मधल्याची गरज नाही. अर्थात बहिणीकडे वाय नसतं, त्यामुळे तो रस्ता बंद, पण संपूर्ण डीएनएची तुलना होते. सख्ख्या भावंडांत सरासरी ५० टक्के सारखेपणा असतो, आई एक आणि बाप वेगळे असतील तर २५ च्या आसपास. आकडे थोडे खालीवर होतात, पण हे दोन गट एकमेकांत सहसा मिसळत नाहीत. शिवाय सख्ख्या भावंडांत काही भाग असे सापडतात जिथे आईकडची आणि बापाकडची, दोन्ही प्रती जुळतात. बाप परके असतील तर असे भाग सापडत नाहीत.

काका असेल तर गंमत वेगळी आहे. आई एक, म्हणून २५. बाप सख्खे भाऊ, म्हणून चुलत नात्याचे आणखी साडेबारा. बेरीज साधारण साडेसदतीस, आणि दोन्ही प्रती जुळणारे भागही थोडे मिळतील. म्हणजे अहवालात सख्ख्यांपेक्षा कमी आणि सावत्रांपेक्षा जास्त असा आकडा येईल. घरातल्यांना काकाची कल्पना नसेल तर तो आकडा पाहून काहीच कळणार नाही. थोरलीला कळेल.

आणि पुढे कधी मधला तयार झाला, तर त्याचं आणि धाकट्याचं वाय जुळेल. तो आनंदानं सांगत येईल की बघ, आपण सख्खे आहोत.

---

निळीशाई

साडेसदतीस. मिळालं मला जे हवं होतं ते.

काकाचं प्रकरण आजपासून लिहायला घेते, आधी सायकलचाच प्रसंग, या वेळी अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या थोरलीसकट. पानं हाताशी आली की इथेच टाकेन. कोरापान, तेव्हा कात्री घेऊन या.